तोळाभर गोळी आणि पोळपाटाएवढी जागा : एल्कच्या शिकारीचं काडतूस कसं ठरतं?

ऑक्टोबर लागला की कोलोरॅडोत ऑफिसातल्या गप्पांचा नूर बदलतो. एरवी सॉफ्टवेअरच्या चुका आणि मुलांच्या शाळा यांवर बोलणारी माणसं कॉफीच्या मशीनपाशी उभी राहून ‘सिक्स-फाइव्ह’, ‘थर्टी-ऑट-सिक्स’, ‘सेव्हन पीआरसी’ असे आकडे एकमेकांच्या अंगावर फेकायला लागतात. आवाज चढतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, गाड्यांच्या मॉडेलबद्दल चाललंय. ते काडतुसांबद्दल होतं. एल्कच्या रायफल-शिकारीचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतो आणि नोव्हेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने चालतो. त्याआधी दरवर्षी हा वाद नव्याने पेटतो.

मी शिकारी नाही. माझा बंदुकीशी संबंध शाळेतल्या एनसीसीपुरता. पण शेजारच्या टेबलावरचा सहकारी ‘लांबून मारायचं तर काय घेऊ?’ म्हणून महिनाभर हैराण झालेला बघितला आणि मीही त्या विषयात उतरलो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय संपला, त्यामुळे हा वाद मराठी वाचकाला परग्रहावरचा वाटू शकतो. आत मात्र साधं शाळेतलं पदार्थविज्ञान आहे आणि थोडा मानवी स्वभाव.

आधी प्राणी

एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरिण. तिथल्या शॉनी लोकांचा शब्द ‘वापिटी’, म्हणजे पांढऱ्या ढुंगणाचा. युरोपात मात्र ‘एल्क’ म्हटलं की मूस समजतात, आणि सिलोनमधले इंग्रज मळेवाले तर सांबरालाच एल्क म्हणत. ती त्यांची चूक अगदीच अनाठायी नव्हती. आकाराचा अंदाज हवा असेल तर ताडोब्यातला थोराड सांबर डोळ्यांपुढे आणा आणि तो आणखी थोडा वाढवा. रॉकी पर्वतातला पूर्ण वाढलेला नर सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतो, मादी सव्वादोनशेच्या. एकट्या कोलोरॅडोत सुमारे २ लाख ८० हजार एल्क आहेत. इतका मोठा कळप दुसऱ्या कुठल्याच राज्यात नाही.

या एवढ्या धुडात नेम धरायची जागा मात्र लहान असते. पुढच्या पायाच्या मागे, बरगड्यांच्या आत हृदय आणि फुप्फुसं. ती जागा पोळपाटापेक्षा थोडीच मोठी. गोळी तिथे लागली तर जनावर काही सेकंदांत कोसळतं. वीतभर मागे, पोटात लागली तर ते डोंगर ओलांडून जातं, तासन् तास तडफडतं आणि बऱ्याचदा सापडतच नाही. काडतुसाची सगळी चर्चा या पोळपाटाभोवती फिरते, हे एकदा पक्कं धरलं की पुढचं सोपं जातं.

काडतूस म्हणजे नेमकं काय?

हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला आणि १८५७च्या धड्यातून घरोघरी पोचला. त्या वेळचं काडतूस कागदी होतं, दातांनी फाडायचं. आजचं पितळी आहे. नळकांड्याच्या बुडाला ठिणगी देणारी छोटी टोपी, आत दारू, तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपी पेटते, दारू जळते, वायू फुगतो आणि गोळीला नळीतून ढकलतो. बोलताना आपण काडतुसालाच ‘गोळी’ म्हणतो. इथे तो घोळ टाळायला हवा, कारण गोळी हा काडतुसाचा फक्त पुढचा तुकडा आहे आणि जनावरापर्यंत तेवढाच पोचतो.

काडतुसाच्या नावातला आकडा बहुधा गोळीची जाडी सांगतो, कधी मिलिमीटरमध्ये, कधी इंचाच्या शतांशात. पुढचं नाव काढणाऱ्या कंपनीचं, जागेचं किंवा सालाचं. ‘थर्टी-ऑट-सिक्स’मधली ‘थर्टी’ म्हणजे .३० इंच, आणि ‘ऑट-सिक्स’ म्हणजे १९०६, अमेरिकी सैन्याने ते स्वीकारलं ते साल.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, आणि हे एकक आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. इंग्रजांनी १८३३ साली तोळा प्रमाणित केला तो बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. (आज सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतो ती सोय आहे, खरा तोळा नव्हे.) गंमत अशी, की थर्टी-ऑट-सिक्समधून एल्कसाठी पिढ्यान् पिढ्या वापरली जाणारी गोळी १८० ग्रेनचीच आहे. अगदी तोळाभर.

अंतर तिथे यार्डात मोजतात. यार्ड म्हणजे आपला नऊवारीतला वार, तेव्हा मी वारच म्हणेन. ५०० वार म्हणजे पंचावन्न नऊवारी साड्या एकीला एक जोडून पसरल्या तर होईल तेवढं अंतर. त्याच्या दुसऱ्या टोकाला पोळपाट.

गोळी ढकलते की भोसकते?

सिनेमात गोळी लागली की माणूस उडून मागच्या काचेवर आदळतो. ते विसरा. .३०० विंचेस्टर मॅग्नम या दांडग्या काडतुसाची २०० ग्रेनची गोळी नळीतून निघताना जवळजवळ ४९०० जूल ऊर्जा घेऊन निघते. सिमेंटचं ५० किलोचं पोतं दहा मीटर उंचीवरून टाकलं तर जमिनीवर येईपर्यंत जेवढी होईल तेवढी. ऐकायला भयंकर. पण गोळीचा सगळा संवेग सव्वातीनशे किलोच्या एल्कला दिला तर त्याला वेग मिळेल सेकंदाला साडेतीन सेंटिमीटर. गोगलगायीपेक्षा बरा, एवढंच.

म्हणजे गोळी जनावराला पाडत नाही, आतून फाडते. त्यासाठी तिला दोन कामं जमायला हवीत : कातडी, स्नायू आणि वेळ पडली तर बरगडी भेदून खोल जाणं, आणि जाता जाता टोकाशी छत्रीसारखं उघडणं. शिसं आणि तांब्याचं कवच अशी बांधणी असते, हल्ली अख्खी तांब्याचीही मिळते. उघडलेली गोळी रुंद जखम करते. न उघडलेली दाभणासारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं.

छत्री उघडायला वेग लागतो. बहुतेक शिकारी गोळ्यांना लक्ष्यावर आदळताना सेकंदाला साधारण ५५० मीटर वेग हवा असतो. खास लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या काही गोळ्या ४९०च्या आसपासही उघडतात. त्याखाली भरवसा नाही. माझ्या मते दुकानात पहिला प्रश्न हाच विचारायला हवा : मला जितक्या लांबून मारायचंय तिथे पोचेपर्यंत या गोळीचा वेग किती उरतो? ‘किती पॉवरफुल आहे’ हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

शिकारी मंडळी याऐवजी फूट-पौंडात बोलतात. एक पौंड वजन एक फूट उचलायला लागणारी ऊर्जा म्हणजे एक फूट-पौंड. एल्कला आदळताना १५०० फूट-पौंड हवेत, असा जुना ठोकताळा आहे. त्यामागे काही शास्त्र नाही, अनुभवाने धरलेला आकडा आहे. कोलोरॅडोचा कायदा त्याहून मवाळ : गोळीची जाडी किमान ६ मिलिमीटर, गोळी उघडणाऱ्या जातीची, एल्कसाठी किमान ८५ ग्रेनची, आणि १०० वारांवर १००० फूट-पौंड. ही किमान पात्रता झाली. परीक्षेत ३५ मार्कांना पास करतात, म्हणून ३५ मार्कवाल्याकडून ऑपरेशन करून घेणार का?

लांब गेल्यावर काय बिघडतं?

दोन काडतुसं समोरासमोर ठेवतो. एक ६.५ क्रीडमोर, १४३ ग्रेनची गोळी, सुरुवातीचा वेग सेकंदाला सुमारे ८२३ मीटर. दुसरं ७ एमएम पीआरसी (म्हणजे ‘प्रिसिजन रायफल कार्ट्रिज’), १७५ ग्रेन, ९१४ मीटर. पहिलं २००७ साली निघालं ते कागदी लक्ष्यावरच्या स्पर्धांसाठी. त्याचं नावच न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमोर या जुन्या नेमबाजीच्या मैदानावरून पडलंय. दुसरं २०२२च्या अखेरीस जाहीर झालं आणि जन्मापासून लांब पल्ल्याच्या शिकारीसाठीच आहे.

दोन्ही रायफली २०० वारांवर अचूक लागतील अशा बसवल्या, तर ५०० वारांवर क्रीडमोरची गोळी नेमाच्या रेषेखाली जवळजवळ १२० सेंटिमीटर पडते आणि पीआरसीची ९०च्या आसपास. नवखा माणूस इथेच घाबरतो. खरं तर हा भाग सोपा आहे. गुरुत्वाकर्षण रोज तेच असतं. लेझरने अंतर मोजा, तक्ता बघा, रायफलीवरच्या दुर्बिणीची चकती तितकी फिरवा, काम झालं.

खरा चोर वारा. ताशी १६ किलोमीटरचा वारा आडवा असेल, म्हणजे झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतील इतका, तर ५०० वारांवर क्रीडमोरची गोळी सुमारे ३८ सेंटिमीटर बाजूला सरकते आणि पीआरसीची ३१. दरीच्या अलीकडे एक वारा, पलीकडे दुसरा. सकाळी थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की तीच वर चढायला लागते. या सगळ्याचा अंदाज डोळ्यांनी आणि गालांनी घ्यायचा असतो. समजा अंदाज अर्धा चुकला : १६ म्हणालात आणि निघाला ८. मग क्रीडमोर १९ सेंटिमीटर चुकणार, पीआरसी १५. पोळपाटाच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर त्याहून कमी असतं. म्हणजे महागडं काडतूस घेऊन तुम्ही विकत घेतलेत चार सेंटिमीटर, आणि गोळी दोन्ही वेळा कडेबाहेरच गेली.

हीच चूक ३०० वारांवर केलीत तर क्रीडमोरचीही गोळी सहा-सात सेंटिमीटरच ढळते. पोळपाटाच्या आतच राहते.

शिवाय वेळ. ५०० वार जायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. चरणाऱ्या एल्कने तेवढ्यात एक पाऊल टाकलं तरी तो पाऊण मीटर पुढे गेलेला असतो. फुप्फुसाचं पोट होतं. यावर कुठलंही काडतूस उपाय नाही.

(वरचे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. तीन हजार मीटरवर हवा पाऊणपट उरते, त्यामुळे तिथे गोळी कमी अडते आणि आकडे थोडे सुधारतात. डोंगरातल्या वाऱ्याचा लहरीपणा मात्र तेवढाच राहतो.)

मग नव्या काडतुसांचं कौतुक खोटं का?

नाही. गोळी लांब आणि निमुळती असेल तर हवा चांगली कापते, जसं होडकं तराफ्यापेक्षा पाणी चांगलं कापतं. पण लांब गोळी सरळ जायची तर ती जोरात फिरायला हवी. भोवऱ्याचं तत्त्व : फिरकी कमी पडली की झोकांड्या. रायफलीच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात, त्या गोळीला फिरकी देतात. ७ एमएम पीआरसीची गोळी नळीतून निघताना सेकंदाला साडेचार हजार फेरे घेत असते. १९६२च्या ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नमच्या जुन्या रायफलींमध्ये खाचांचा पेच त्यामानाने सैल असायचा आणि इतक्या लांब गोळीला जागाही पुरायची नाही. नव्या काडतुसांनी अडचण सोडवली ती ही. ताकद फार वाढली असं नाही. गोळी चांगली निवडता आली.

१५०० फूट-पौंडांचा ठोकताळा धरला तर १४३ ग्रेनची क्रीडमोर साधारण ४०० वारांपर्यंत पास होते, १७५ ग्रेनची पीआरसी सातशे वारांच्याही पुढे जाते. १९६३चं .३०० विंचेस्टर मॅग्नम चांगली जड गोळी घातली तर पीआरसीच्या पंगतीला बसतं. थर्टी-ऑट-सिक्स मधे कुठेतरी. क्रीडमोरने एल्क मरत नाही असं म्हणणारे चुकीचे आहेत. पण क्रीडमोरला चूक पोटात घालता येत नाही. तिरक्या उभ्या नराच्या खांद्याचं हाड मधे आलं तर जड गोळी ते फोडून पुढे जाण्याची शक्यता जास्त, हलकी तिथेच अडकू शकते.

उलटही आहे, आणि हे दुकानदार सहसा सांगत नाहीत. लांबवर हळू वेगात उघडावी म्हणून मऊ केलेली गोळी मॅग्नमच्या वेगाने ५० वारांवर हाडावर आदळली, तर खोल जाण्याआधीच तिचे तुकडे होऊ शकतात. आणि दाट ॲस्पेनच्या रानात एल्क ५० वारांवरही उठतो.

‘मग सरळ सगळ्यात मोठंच घ्यावं ना?’

हा आक्षेप प्रत्येक जण काढतो. उत्तर खांद्यात आहे. सारख्याच वजनाच्या रायफलीतून .३०० मॅग्नमचा धक्का क्रीडमोरच्या जवळजवळ दुप्पट बसतो. चार गोळ्यांनंतर शरीर शहाणं होतं : चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा आखडतो, नेम हलतो. मनाने कितीही ठरवा, इंजेक्शनच्या सुईपुढे दंड आखडतोच. शिवाय डोंगर चढायचा म्हणून रायफल हलकी घेतात, आणि हलकी रायफल जास्त लाथ मारते. नळीच्या तोंडाला वायू बाजूला फेकणारा तुकडा बसवला तर धक्का कमी होतो, पण आवाज असा वाढतो की कानात बोळे घातल्याशिवाय चाप ओढणं म्हणजे बहिरेपणाला आमंत्रण.

मोठ्या काडतुसाचा आणखी एक छुपा तोटा म्हणजे सराव होत नाही. धक्का बसतो, काडतुसं महाग, म्हणून माणूस वर्षाला एक डबा संपवतो. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं ते .२२च्या काडतुसावर. गोळी ४० ग्रेनची, पाव तोळाही नाही. गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरायचा. तिथे काडतुसाच्या ताकदीला शून्य महत्त्व आहे. शिकार वेगळी, हे मान्य. पण शिकाऱ्यालाही डोंगरात रायफल टेकवायला टेबल मिळत नाही. धापा टाकत, पाठपिशवीवर रायफल टेकून मारावं लागतं.

‘जवळ जाऊन का मारत नाहीत?’

हा प्रश्न मी विचारला तेव्हा टेबलाभोवती थोडी शांतता पसरली. कारण अमेरिकी शिकाऱ्यांमध्येही याच मुद्द्यावर फूट आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली पुढाकार घेऊन स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबची भूमिका अशी, की आपली साधनं किती लांब मारतात हे बघायलाच कुणी चाप ओढत असेल तर ती शिकार नव्हे. क्लब वारांचा आकडा सांगत नाही. मला ते योग्य वाटतं, कारण आकडा माणसागणिक बदलतो.

बाजू दुसरीही आहे. उघडी दरी, एल्क समोरच्या उतारावर, मधे आडोसा नाही, वारा आपल्याकडून त्याच्याकडे. पुढे सरकलात तर त्याला वास लागणार. अशा वेळी सराव असलेल्या माणसाने ४०० वारांवरून मारणं मला अनैतिक वाटत नाही. ज्याने आयुष्यात १०० वारांपलीकडे कागदही फाडला नाही, त्याने मारणं वाटतं.

‘आणि मुळात मारायचंच कशाला?’

आपल्या वाचकाच्या मनातला प्रश्न हाच असणार. थोडक्यात : तिथली व्यवस्था वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेबंद शिकारीने एल्क लाखाच्याही खाली गेले होते, आज ते दहा लाखांच्या आसपास आहेत. परवाने मोजून देतात, आणि १९३७च्या कायद्यानुसार रायफली व काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा वन्यजीवांसाठी वापरतात. खाण्याजोगं मांस रानात टाकून देणं कोलोरॅडोत गुन्हा आहे. हे आपल्याकडे आणावं असं मी म्हणत नाही. आपली जंगलं, माणसांची दाटी आणि इतिहास वेगळा आहे.

शेवटी सहकाऱ्याने काय घेतलं?

त्याला एका जुन्या शिकाऱ्याने साधी चाचणी सांगितली. नऊ इंची कागदी बशा घे, पोळपाटापेक्षा लहानच. मैदानावर जा, टेबल वापरू नकोस. शंभर पावलं पळून ये, बस, पिशवीवर रायफल टेक आणि पाच गोळ्या मार. पाचही बशीत लागल्या तर बशी पन्नास वार मागे ने. ज्या अंतरावर पहिली गोळी बशीबाहेर जाईल, त्याच्या आधीचं अंतर तुझं.

तो दोन शनिवार जाऊन आला. एका मित्राच्या .३०० मॅग्नमने त्याचं अंतर निघालं २०० वार, आणि वडिलांच्या जुन्या थर्टी-ऑट-सिक्सने ३००. सोमवारी त्याच्या टेबलावर तोळाभर गोळ्यांचे चार डबे होते, आणि डोंगरात चढताना दम लागू नये म्हणून तो लिफ्ट सोडून जिन्याने यायला लागला होता.